पाचवं माणूस: नाशिकमध्ये पाळणाघर सुरू करतानाचं वर्ष

इंदिरानगरमधल्या एका रो-हाऊसच्या तळमजल्यावर १६ जून २०२५ ला आम्हा दोघींचं पाळणाघर आणि बालवाडी सुरू झाली. सुरू करायचं ठरलं ते जानेवारीत. मधल्या साडेपाच महिन्यांत काय केलं, कुठे अडकलो, किती पैसे लागले आणि सुरू झाल्यावर काय बदलावं लागलं, ते क्रमाने लिहीत आहोत. असंच काही करू पाहणाऱ्या बऱ्याच जणी भेटतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: परवानग्या फार लागतात का? लागतात, पण त्या मिळतात. जड जातं ते दुसरंच.

जानेवारी गेला आकडेमोडीत. मुलं किती घ्यायची हे जागा बघण्याआधी ठरवायला हवं, कारण भाडं, पगार, फी, संडासांची संख्या, सगळं त्यावरच बेतलेलं असतं. केंद्र सरकारच्या २०१३ च्या बालशिक्षण धोरणात तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक, असं प्रमाण दिलं आहे. ३० मुलांना ३५ चौरस मीटरची खोली आणि बाहेर ३० चौरस मीटर मोकळी जागा, हेही त्यातच आहे. आम्हाला २४ मुलं घ्यायची होती, १० महिने ते तीन वर्षांची ८ आणि त्यावरची १६. धोरणाच्या हिशेबाने दोन माणसं पुरली असती.

कागदावर पुरतात. सकाळी साडेदहाला काय होतं ते बघा. एकाला शू लागते, ताई त्याला घेऊन जाते. तेवढ्यात दुसरं पडतं, तिसऱ्याची आई फाटकाशी येते, आणि छोट्यांच्या खोलीत एकाचं लंगोट बदलायचं असतं. लंगोट बदलताना हात मुलावरून काढता येत नाही. म्हणजे त्या पाच मिनिटांत ती बाई उरलेल्या मुलांसाठी नसल्यातच जमा. म्हणून आम्ही छोट्यांच्या खोलीत दोन, मोठ्यांच्या खोलीत दोन, आणि पाचवं एक माणूस असं धरलं जे कुठल्याच खोलीत मोजायचं नाही. ते स्वयंपाक बघेल, फाटक उघडेल, कुणी रजेवर गेलं तर खोलीत उभं राहील. आम्ही दोघी, दोन ताई आणि एक मावशी. पुढचं सगळं या पाचव्या माणसाच्या पगाराभोवतीच फिरलं.

फेब्रुवारीत जागा पाहिल्या. तळमजला हवाच. चार पायऱ्यासुद्धा नको वाटतात, कारण झोपलेलं मूल कडेवर घेऊन त्या उतरायच्या असतात. पाथर्डी फाट्याजवळची एक जागा स्वस्त होती, पण फाटक थेट रहदारीच्या रस्त्यावर उघडत होतं. सिडकोतलं एक घर छान होतं, पण संडास जिन्याखाली, आणि तिथे मोठ्या माणसालाही वाकून जावं लागे. इंदिरानगरच्या घरात १४ बाय २२ फुटांचं दिवाणखान्यासारखं दालन, १० बाय १२ ची एक खोली, स्वयंपाकघर, दोन संडास आणि मागे फरशीचं अंगण. धोरणाच्या हिशेबाने एका मुलाला साधारण साडेबारा चौरस फूट, म्हणजे त्या दालनात २४ मुलं बसली असती. बसली असती, खेळली नसती. आम्ही तिथे १६ वर थांबलो.

घरमालक तयार होते, पण सोसायटीच्या ना-हरकतीला तीन आठवडे लागले. शेजाऱ्यांना आवाजापेक्षा गाड्यांची काळजी होती. शेवटी लिहून दिलं की सोडायला-न्यायला आलेली गाडी दहा मिनिटांच्या वर थांबणार नाही, स्पीकर लावणार नाही आणि दुपारी एक ते तीन अंगणात खेळ नाही. हे लिहून दिल्याने पुढे आमचीच सोय झाली, कारण पालकांना दाखवायला कागद हाताशी होता. निवासी घरात असा उपक्रम चालवता येईल का, हे महापालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयात आधी विचारा. भाडेकरार झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

करार ११ महिन्यांचा करायची सगळ्यांना सवय असते. आम्ही ३६ महिन्यांचा केला. दर वर्षी जागा बदलायची धास्ती असेल तर भिंतीला एक फळीही ठोकावीशी वाटत नाही, आणि लहान मुलांना तर ओळखीची जागाच लागते. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात परत मिळणाऱ्या अनामतीवरचं वर्षाला १० टक्क्यांनी येणारं व्याज धरतात. आमचं भाडं २२,००० आणि अनामत एक लाख. ३६ महिन्यांचे ७,९२,००० आणि व्याजाचे ३०,००० मिळून ८,२२,०००, त्याचा पाव टक्का २,०५५, वर शंभरात पूर्ण करून २,१००. नोंदणी फी शहरात १,०००. ऑनलाइन करून देणाऱ्याने त्याची मजुरी वेगळी घेतली. कराराचं स्वरूप लिहिताना 'पाळणाघर व बालवाडीच्या वापरासाठी' हे शब्द घालून घ्या, कारण पुढे बँकेपासून प्रत्येक जण हीच ओळ बोटाने दाखवायला लावतो.

मार्च-एप्रिल कागदांचे. तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असली की दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी लागत नव्हती, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची होती. तिची पावती जपून ठेवा, चालू खातं उघडताना तीच मागतात. पाटी मात्र आधी नीट करा. नाव मराठीत, देवनागरीत हवं आणि ती अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. आमच्या पेंटरने इंग्रजी नाव ऐसपैस आणि मराठी खाली बारीक काढलं होतं. पाटी पुन्हा रंगवली, ९०० रुपये गेले. डबा आपण शिजवून देणार असू तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. आमच्याएवढ्या उलाढालीला तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. छोट्या उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी फुकट आहे. ती करून देतो म्हणत हजार-दोन हजार मागणारी संकेतस्थळं शोधताना पहिली येतात, त्यांच्या नादी लागू नका.

२०२५ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने तीन ते सहा वयोगटाच्या खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर नोंद करायला सांगितलं. संस्था कोणाची, मुलं किती, शिकवणारे किती, सोयी काय, अशी माहिती भरायची. हे सगळं एका वहीत आधी लिहून मग संगणकासमोर बसा. प्रवेशाच्या वयाचा नियमही तेव्हाच भिंतीवर लावून टाकला. नर्सरीला त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण हवीत. पहिलीला तसंच सहा. 'आमचा हुशार आहे, घ्या' हा संवाद त्या कागदामुळे निम्म्याने कमी झाला.

सगळ्यात जास्त वेळ पोलिस पडताळणीने खाल्ला. चारित्र्य प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो, नंतर पोलिस ठाण्यातून बोलावणं येतं. एका ताईचं १९ दिवसांत आलं. दुसरीच्या आधारवर गावचा पत्ता होता, राहायला ती अंबडला. तिला पाच आठवडे आणि तीन फेऱ्या. माणूस नक्की केल्या दिवशी पहिल्यांदा आधारवरचा पत्ता बघायचा, हे तेव्हा शिकलो. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत ती मुलांसोबत काम करणार नव्हती, त्यामुळे उशीर झाला असता तर उद्घाटनच पुढे ढकललं असतं.

ताया निवडताना पदवीपेक्षा एका सकाळीवर भर दिला. प्रत्येकीला ओळखीच्या दोन-तीन मुलांसोबत दोन तास बसवलं आणि नुसतं बघितलं. काही जणी खुर्ची शोधतात, काही थेट जमिनीवर बसतात. काही मुलाशी बोलताना आमच्याकडे बघत असतात. मग एक प्रश्न: 'एक मूल दुसऱ्याला कडकडून चावलं, तर आधी कोणाकडे जाल?' पाच जणींनी चावणाऱ्याला काय शिक्षा करू ते सांगितलं. दोघींनी ज्याला चावलं त्याचं नाव घेतलं. त्या दोघी आज आमच्याकडे आहेत.

त्यांच्याशी पहिल्या आठवड्यात जे बोलायचं ते अवघड आहे, पण टाळू नका. लैंगिक अत्याचारापासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यात, नुसता संशय आला तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे, आणि संस्था चालवणाऱ्याला त्याची शिक्षा जास्त. म्हणून आमच्याकडे बंद दाराआड एकटं मोठं माणूस आणि मूल असं कधीच नसतं. संडासाचं दार कापून तीन फुटांचं केलं, म्हणजे मुलाला आडोसा राहतो आणि ताई बाहेरून दिसते. कॅमेरे खोल्यांत आणि फाटकावर आहेत, अंघोळ-संडासाकडे नाहीत. १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक दारामागे मोठ्या अक्षरात चिकटवलेला आहे.

एप्रिल-मे सुतार, गवंडी आणि वायरमनचे. इथे प्रत्येक गोष्ट गुडघ्यावर बसून बघा. आम्ही दोघी खरोखरच एक दिवस घरभर रांगलो. उभं असताना न दिसलेली खिळ्याची तीन टोकं दिसली, सिंकखालची ॲसिडची बाटली दिसली, आणि दालनाच्या दाराची बिजागरीकडची फट दिसली. बोटं चेंगरतात ती कडीकडे कमी आणि या फटीत जास्त. फटीवर रबराची पट्टी लावली, एका दाराला २५० रुपये. खिडक्यांच्या गजांत चार इंचांपेक्षा जास्त अंतर होतं तिथे मधे गज घातले. सगळी बटणं-सॉकेट पाच फुटांवर नेली आणि ३० मिलिअँपिअर वीज गळली तरी पुरवठा तोडणारा सर्किट ब्रेकर बसवून घेतला. वायरमन म्हणाला, 'एवढं कशाला?' त्याला सांगितलं, इथे २४ ओले हात असणार आहेत. लगेच सुधारलं, ४८.

गीझरचं पाणी मुलांच्या नळाला जोडू नका. नाशिकची डिसेंबरातली सकाळ चांगलीच बोचते, कोमट पाणी हवंच, पण ते बादलीत मिसळून मोठ्या माणसाने मगाने द्यायचं. खुर्च्या दोन मापांच्या केल्या, छोट्यांना बसायची उंची दहा इंच, मोठ्यांना बारा. पाय जमिनीला टेकले की मूल जेवताना स्वस्थ बसतं. लोंबकळत असले की सारखं उतरतं, आणि आपण त्याला चंचल म्हणतो. अर्ध्या मुलांना नंतर पाटच आवडले. दीडशे रुपयांचा पाट अकराशेच्या खुर्चीला भारी पडला.

खेळण्यांच्या खर्चात आम्ही फसलो. एका घाऊक दुकानातून झगझगीत प्लास्टिकचा १४,००० चा माल उचलला. घरी येऊन बघितलं तर निम्म्यावर आयएसआयचा शिक्का नाही. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे. परत केला, पैसे कापूनच मिळाले. तीन वर्षांखालच्यांसाठी आणखी एक कसोटी ठेवा. साधारण सव्वातीन सेंटीमीटर व्यासाच्या नळकांड्यात जी वस्तू पूर्ण मावते, ती घशातही अडकू शकते. आम्ही पाइपचा तेवढ्या मापाचा तुकडा कापून आणला. तो स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला असतो आणि वाढदिवसाला आलेली प्रत्येक भेट आधी त्यात घालून बघितली जाते.

उरलेल्या पैशांत भांडी बाजार गाठला. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला गेलं. अनुताई वाघांसोबत त्यांनी तिथे मोंटेसरी पद्धत उचलली, पण महागडी साधनं न घेता बिया, शंख, पानं, मडकी अशी परिसरातली साधनं घेतली. आपल्याकडे ती परंपरा असताना आपण परदेशी नावाच्या लाकडी पेटीला सहा हजार मोजतो, याचं नवल वाटतं. आम्ही घेतलं ते असं: पितळेचे चार छोटे गडू, आठ फुलपात्री, दोन पोळपाट-लाटणी भातुकलीच्या वरच्या मापाची, तीन वेगवेगळ्या भोकांच्या चाळण्या, झाकणाचे बारा डबे. एकूण ३,४०० रुपये.

गडूतून फुलपात्रात ओतणं हा आमच्याकडचा सगळ्यात टिकाऊ धडा आहे. सुरुवात मुगाने, मग रवा, शेवटी पाणी. गडू अर्धाच भरायचा, नाहीतर तीन वर्षांच्या मनगटाला तो पेलत नाही आणि सांडल्यावर मूल पुन्हा हात लावत नाही. खाली ताट, बाजूला फडकं. सांडलं तर काही बोलायचं नाही, फडक्याकडे नुसतं बघायचं. आधी मूल दोन्ही हातांनी गडू आवळतं आणि फुलपात्राच्या तोंडावरून धार पार पलीकडे जाते. दहा-बारा दिवसांनी एक हात गडूच्या बुडाखाली जातो, कुणी न सांगता. आमच्या मते पेन्सिल धरायची तयारी तिथून सुरू होते.

आता रुळवणं. हा भाग सगळ्यात कमी लोक आखून करतात. आम्हीही पहिल्या तीन मुलांवर चुकलोच असतो, पण २ जूनपासून तिघांनाच बोलावून दोन आठवडे सराव केला म्हणून निभावलं. आराखडा असा. पहिले दोन दिवस आई किंवा बाबा सोबत, चाळीस मिनिटं, त्यांनी कोपऱ्यात बसायचं, खेळवायचं नाही. तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं फाटकाबाहेर. चौथ्या-पाचव्या दिवशी अर्धा तास. सहाव्या दिवशी खाऊपर्यंत, आठव्या दिवशी जेवणापर्यंत. झोप सगळ्यात शेवटी, अकराव्या-बाराव्या दिवशी. परक्या जागेत डोळे मिटायला जेवढा विश्वास लागतो, तेवढा जेवायला लागत नाही. उशाशी घरचं न धुतलेलं दुपटं किंवा आईची ओढणी द्यायची. धुतलं की वास जातो आणि त्याचा उपयोग संपतो.

निरोप घ्यायचाच. मूल खेळात रमलं की हळूच सटकायचं, असं शेजारपाजारच्या आज्या सांगतात. ते केलं की मूल पुढचे आठ दिवस खेळतच नाही, दारावर पहारा देतं. त्याच्या लेखी खेळणं म्हणजे आई हरवणं. निरोप लहान हवा. एक पापा, एक वाक्य, पाठ. वाक्यात घड्याळ नको. 'पाच वाजता येते' याला दोन वर्षांच्या जीवाला अर्थ नाही. 'वरणभात खाल्लास, झोपलास, उठून खाऊ खाल्लास की आई येते' हे कळतं, कारण ते एकामागून एक घडताना दिसतं. तीनदा परत येऊन पुन्हा पापा घेणाऱ्या आईचं मूल जास्त रडतं. खिडकीतून डोकावणाऱ्या आजोबांना तर आम्ही चहा देऊन बाकावर बसवायचो.

आणि दुसऱ्या आठवड्याचा सोमवार! पहिल्या आठवड्यात न रडलेलं मूल त्या दिवशी ठणाणा करतं. रविवारी घरी राहून आल्यावर त्याला कळतं की हे रोजचं आहे. पालकांना हे शुक्रवारीच सांगून ठेवा, नाहीतर सोमवारी दुपारी 'आमचं जमणार नाही' असा फोन येतो.

एक अडीच वर्षांचा मुलगा चार दिवस एका पायात चप्पल ठेवून वावरला. दुसरी काढू द्यायचा, ही नाही. खोलीत चप्पल चालत नाही हा आमचाच नियम. ताईने त्या चपलेचा तळवा रोज सकाळी साबणाने धुतला आणि त्याला ती घालू दिली. तो जेवला चपलेसह, झोपायच्या वेळी गादीवर बसला तोही चपलेसह. पाचव्या दिवशी अकराच्या सुमाराला त्याने ती काढली, दाराशी नेऊन जोडीच्या शेजारी सरळ ठेवली, आणि वाळूत गेला. नियम मोडायचा की नाही यावर आम्ही दोघींनी आदल्या रात्री अर्धा तास वाद घातला होता.

भाषेचंही तेच. सिडकोकडून येणाऱ्या घरांत अहिराणी बोलतात, कंपन्यांमधल्या कामगारांच्या घरांत हिंदी, भोजपुरी. 'माले पानी दे' म्हणणाऱ्या मुलीला आधी पाणी द्यायचं. 'मला पाणी दे' हे ताई सहज म्हणते, वदवून घेत नाही. महिन्याभरात ती ताईशी एक बोलते आणि आजीशी दुसरं.

छोट्यांच्या खोलीचे नियम कडक आहेत आणि त्यावर पालकांशी, त्याहून जास्त आजीशी, खटके उडाले. झोपवायचं उताणं, गादी घट्ट, उशी नाही, मोहरीचीसुद्धा नाही. डोक्याला आकार येण्यासाठी ती घरून पाठवतात, आम्ही पिशवीतच परत देतो. वर्षाखालच्या मुलाला मध चाटवायचा नाही, औषधातूनही नाही. त्यात असू शकणारे जिवाणू त्या वयाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. आईचं काढलेलं दूध बाटलीवर तारीख-वेळ लिहून फ्रीजमध्ये, जास्तीत जास्त चार दिवस. बाहेर चार तास, नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये त्याहूनही कमी. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत नोकरी करणाऱ्या आयांनी आपल्या कंपनीत एक विचारून बघावं: ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पाळणाघराची सोय करणं कंपनीवर बंधनकारक आहे आणि आईला दिवसात चार वेळा मुलाला भेटायला जाता येतं.

वापरलेली डायपर कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळी ठेवतो. घंटागाडी नेमकी मुलं येण्याच्या वेळेला येते. तिला टाटा करणं हा दिवसाचा पहिला कार्यक्रम झाला आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये आजारपणं आली. एका आठवड्यात सहा मुलांना हात-पाय-तोंडावर फोड. तेव्हा नियम लिहिले, खरं तर जूनमध्येच लिहायला हवे होते. ताप औषध न देता २४ तास उतरलेला हवा. जुलाब थांबल्यावर दोन दिवस घरी. औषध द्यायचं तर बाटलीवर नाव, मात्रा, वेळ आणि वहीत पालकांची सही. सही नाही तर औषध नाही, फोनवर सांगितलं तरी नाही. जलसंजीवनीचं पुडकं ज्या मापाचं असेल तेवढ्याच पाण्यात. मोठं एक लिटरचं पुडकं अंदाजाने पेल्यात कालवलं तर क्षार जास्त होऊन मुलाला अपाय होतो. त्या आठवड्यात रोज खेळणी धुवावी लागली आणि लक्षात आलं की आपल्याकडे धुता येण्यापेक्षा खेळणी दुप्पट आहेत. निम्मी माळ्यावर टाकली, दर पंधरा दिवसांनी अदलाबदल. मुलं उलट जास्त वेळ खेळू लागली.

गणपती झाले आणि 'लिहायला कधी घेणार?' सुरू झालं. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळावरच भर आहे, हे सांगून कोणाचं समाधान होत नाही. शेजारच्या मुलीची एबीसीडीची वही भरलेली असते ना! आम्ही पालकांनाच एका शनिवारी बोलावलं आणि मुलांच्या खेळायची कणीक मळायला बसवलं. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल, पाऊण वाटी पाणी थोडं थोडं घालून. मीठ गोळा टिकावा म्हणून, आणि मुलांनी पुन्हा तोंडात घालू नये म्हणूनही. तरी लक्ष ठेवावं लागतं, एवढं मीठ पोटात जाणं बरं नाही. पावसाळ्यात गोळा पाझरतो, तेव्हा पाणी अर्ध्या वाटीवर आणायचं. दहा मिनिटं दाबून-लाटून झाल्यावर दोन बाबांची बोटं दुखली. लिहिण्याचा विषय निदान त्या दिवसापुरता मिटला. नोव्हेंबरात पुन्हा निघाला, हे प्रांजळपणे सांगायला हवं.

पैशांचं. सुरू होईपर्यंतचा खर्च: दुरुस्त्या, फर्निचर, गाद्या, खेळणी, फ्रीज, कॅमेरे, अग्निशामक नळकांडं सगळं मिळून २,२५,५००. अनामत एक लाख. रिकाम्या घराचं तीन महिन्यांचं भाडं ६६,०००. महिन्याचा खर्च भरलेल्या स्थितीत असा: भाडं २२,०००, तिघींचे पगार ४१,०००, जेवण-खाऊ १७,०००, वीज-पाणी ४,५००, किरकोळ ५,०००. एकूण ८९,५००. फी छोट्यांची ५,५००, मोठ्यांची ३,८००, म्हणजे २४ मुलांचे १,०४,८००. उरतात १५,३००, आम्हा दोघींत. आणि २४ मुलं भरली ती डिसेंबरात. पहिले तीन महिने अकराच होती, तेव्हा महिन्याला साधारण ३० हजार खिशातून गेले. लाखभर वेगळे बाजूला ठेवल्याशिवाय यात पडू नका.

याच महिन्यांत मोह होतो. मावशीचे १३,००० वाचवले, किंवा दालनात आणखी सहा मुलं घेतली, की गणित गोड दिसतं. ऑक्टोबरात मावशी गावी गेल्या म्हणून आम्ही नऊ दिवस चौघींत चालवून पाहिलं. कुणाला इजा झाली नाही. पण त्या नऊ दिवसांच्या नोंदवहीत बघितलं तर गडूचं पान कोरं, वाळू एकदाच काढलेली, 'बसा', 'थांबा', 'नको' एवढंच चाललेलं. सांभाळणं झालं, शिकवणं बंद पडलं. मावशी आल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा गडू आणि पाणी काढलं.

संक्रांतीला पालकांनी हौसेने छोट्यांचं बोरन्हाण इथेच करायचं ठरवलं. घरी एका मुलाभोवती चार मोठी माणसं असतात. इथे डोक्यावरून बोरं, हरभरे, उसाचे करवे, हलवा पडतो आणि आठ मुलं रांगत ते वेचून तोंडात घालतात. नळकांड्याची कसोटी लावली तर एकही पदार्थ पास होत नाही. चुरमुरे, फुलांच्या पाकळ्या आणि पिसासारख्या हलक्या कागदी पतंगांवर भागवलं. हलव्याचे दागिने घातले, पण फोटो काढून लगेच उतरवले.

आणि आता फेब्रुवारीअखेर, द्राक्षं. दिंडोरीकडे बाग असलेल्या एका घराने पेटी पाठवली. अख्खं द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि नेमकं श्वासनलिकेच्या मापाचं. आडवं कापलं तरी चकती तशीच गोल राहते, म्हणून पाच वर्षांखाली उभं कापायचं, देठाकडून टोकाकडे, आणि एकाचे चार तुकडे. शेंगदाणे आणि फुटाणेही अख्खे देत नाही, कूट करतो. चोवीस मुलांना प्रत्येकी आठ म्हणजे १९२ द्राक्षं. एकटीला पाऊण तास लागतो. मावशी पावणेदहालाच विळी बाजूला सारून सुरी घेतात, आणि त्या वेळात फाटकावर आमच्यातली एक उभी राहते.